डाव्या खांद्यावरचं फडकं

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं संसार केला, माझं ब्लड प्रेशर, माझा राग, माझं घोरणं, सगळं तिला पाठ होतं, पण हे नाही. ती गेली तेव्हा मनात आलं, चला, आता विचारणारंच कोणी उरलं नाही. आणि तेव्हापासून न विचारताच सांगावंसं वाटायला लागलं. याला काय म्हणायचं? तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते.

मी शर्यतीच्या घोड्यांचा ट्रेनर होतो. बेंगळूरच्या रेसकोर्सवर एकतीस वर्षं. मोठ्या शर्यती जिंकल्या, कपांनी शोकेस भरलं, पेपरात फोटो आले. फुशारकी मारत नाही — मारायची हौस राहिली नाही आणि ऐकायला घरात माणूस नाही. मुलगी बेळ्ळंदूरला असते, आयटीत. बनशंकरीहून बेळ्ळंदूर तसं काय लांब? पण त्या ट्रॅफिकमधून येणं म्हणजे मुलूखगिरीच. महिन्यातून एकदा येते, बिचारी, आणि अर्धा वेळ फोनवर इंग्रजी बोलते. खाली कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला मी रोज सांगतो, सक्करे स्वल्प कमी. तो म्हणतो, सरी सर. कित्येक दिवस माझं दिवसभराचं बोलणं एवढंच होतं. मराठी तर आठ-आठ दिवस तोंडातून निघत नाही.

असो. मी भरकटतोय. मुद्दाम भरकटतोय, तुमच्या लक्षात आलं असेलच.

माझ्याबद्दल लोक एक गोष्ट सांगायचे. म्हणायचे, ह्याच्या हातात देव आहे. वडील निपाणीत नालबंद होते, त्यामुळे लोकांना ते पटायचंही — नालबंदाचं पोर, रक्तातच असणार. ही हाताची भानगड काय, ते सांगतो. घोड्याच्या पुढच्या पायात, गुडघ्याच्या खाली, मागच्या बाजूला एक जाड शीर असते. घोडा पळतो तो तिच्या जोरावर. ती दगा देणार असेल तर एक-दोन दिवस आधी तिथे ऊब येते. घोडा लंगडत नाही, सूज नसते, डोळ्याला काही म्हणता काही दिसत नाही. चहा पिऊन ठेवलेल्या कपाला थोड्या वेळाने जेवढी ऊब राहते ना, तेवढीच. ती ज्याच्या तळहाताला कळते, तो घोडा वाचवतो. आणि हे फार थोड्यांना कळतं.

मला कधीच कळलं नाही.

हो, बघा की. एकतीस वर्षांत एकदाही नाही. पाय चांगला सणसणून तापला की मलाही कळायचं, पण तेव्हा तर कुणालाही कळतं. ती पहिली, बारीक ऊब — माझा हात तिथे नुसता फिरायचा. पण हा माझा गुन्हा नव्हे. हाताला येत नाही ते येत नाही, त्यात पाप कसलं? खऱ्या गोष्टीच्या मी अजून पायरीवरच उभा आहे.

तो हात बाबूचा होता. बाबू मगदूम, माझा सईस. आमच्याकडे मोतद्दार म्हणतात त्याला — घोड्याला खरारा करणारा, त्याला चारा घालणारा, त्याच्या पायाशी बसून राहणारा माणूस. कागलचा. निपाणी आणि कागल म्हणजे एसटीचा एक टप्पा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मी ट्रेनर झालो तेव्हापासून माझ्याकडे. तबेल्यात बाकी सगळे कन्नड, तमिळ, दखनी बोलणारे. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्याला कन्नड कधी धड आलं नाही. हिंदी मात्र यायची, मोडकीतोडकी का होईना. मी त्याला चारचौघांत बाबू म्हणायचो आणि दोघंच असलो की बाबूअण्णा. तो मला कायम सायेबच म्हणायचा. सकाळी घोडे फिरवून आणले की आम्ही कुंपणाला टेकून चहा प्यायचो आणि आपल्या मुलखातल्या लोकांची उणीदुणी काढायचो. त्या अर्ध्या तासावर माझा दिवस जायचा. आता कळतं, तेव्हा कुठं कळत होतं?

तबेल्यात संध्याकाळची फेरी असते. सईस घोड्याला बाहेर काढून उभं करतात, पायांच्या पट्ट्या सोडून ठेवतात आणि ट्रेनर एकेका घोड्याचे पाय चाचपत जातो. मालक आले असतील तर तेही मागे मागे. माझ्या पहिल्याच वर्षी एका मालकासमोर मी एक पाय चांगला आहे म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तो सुजला. माझं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्या संध्याकाळी फेरीला गेलो तर बाबूच्या उजव्या खांद्यावर खराऱ्याचं फडकं टाकलेलं. एरवी ते त्याच्या कमरेला खोचलेलं असायचं. मी घोड्याच्या उजव्या पायाशी वाकलो, उगाच जास्त वेळ हात फिरवला आणि म्हणालो, याला चार दिवस विश्रांती. निघाली की शीर तापलेली! त्या दिवसापासून तेच चाललं. उजव्या खांद्यावर फडकं तर उजवा पाय, डाव्या खांद्यावर तर डावा, कमरेला खोचलेलं असेल तर सगळं ठीक. दुसऱ्या सईसांच्या घोड्यांवरूनही तो दुपारीच हात फिरवून यायचा, आणि फेरीत मी त्या घोड्यापाशी पोचलो की शेजारी येऊन तसंच फडकं टाकायचा. चौदा वर्षं. आणि याबद्दल आम्ही दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढला नाही, एकदाही. त्याने माझी लाज अशी झाकली होती की झाकतोय हेसुद्धा मला कळू नये.

आणि मला त्याचं काय वाटायचं? उपकार वाटायला हवे होते ना? वाटायचे, सुरुवातीला. मग मोठ्या शर्यती जिंकायला लागलो, लोक 'हात, हात' करायला लागले, मुलाखतीत विचारायचे, हे तुम्हाला कसं कळतं हो? मी हसून म्हणायचो, वडिलांची देणगी. आणि संध्याकाळी ते फडकं दिसलं की मी बाबूच्या तोंडाकडे बघायचं टाळायचो. मी जळायचो हो त्याच्यावर. ज्याला सही करायला अंगठा पुढे करावा लागतो, त्याच्या तळहाताला जे कळतं ते मला का कळू नये? एकदा तरी त्याचा हात चुकावा आणि माझा खरा ठरावा, असं मला वाटायचं. हे वाक्य लिहायला मला एकोणीस वर्षं लागली.

ठकी नावाची एक घोडी होती आमच्याकडे. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, ठकी हे बाबूने ठेवलेलं. तीन वर्षांची, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. फार गुणाची. बाबूच्या शर्टाचं बटण ओढायची तिला खोड होती, त्याच्या एकाही शर्टाचं वरचं बटण जागेवर नसायचं. मोसमातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत ती पळणार होती आणि जिंकणार याबद्दल कुणाला शंका नव्हती.

आदल्या संध्याकाळी मालक आला तो व्याह्यांना घेऊन. नवे व्याही, त्यांना घोडी दाखवायची हौस. मी रुबाबात फेरीला निघालो. ठकीपुढे आलो आणि पाहिलं तर बाबूच्या डाव्या खांद्यावर फडकं.

मी डाव्या पायाशी वाकलो. हात फिरवला. गार. उजवा चाचपला, तोही गार. पुन्हा डावा. दोन्ही सारखेच लागत होते. माझ्या मागे मालक व्याह्यांना माझ्या हाताचं कौतुक सांगत होता, मला ऐकू येत होतं. आणि मला वाटलं, आज बाबू चुकलाय. मला वाटलं म्हणजे काय, मला ते हवंच होतं. उठलो आणि म्हणालो, एकदम ठणठणीत आहे घोडी. बाबूने फडकं काढलं नाही. व्याह्यांनी ठकीसोबत फोटो काढून घेतले, तेव्हाही ते त्याच्या खांद्यावरच होतं. मी पुढच्या घोड्याकडे गेलो.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी कुंपणापाशी चहा घेत होतो, तिथे तो आला. चहा घेतला नाही त्याने. चौदा वर्षांत जे कधी तोंडाने बोललो नव्हतो, ते तो बोलला.

"सायेब, ठकीचा डावा पाय तापलाय. आज पळवू नगासा तिला."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "ट्रेनर कोण आहे, तू का मी?"

तो तबेल्याकडे गेला. चहा गार होईपर्यंत मी तिथेच होतो. अजून वेळ होता, बरं का. एक कागद लिहून दिला असता तर घोडी शर्यतीतून निघाली असती. रोज कुणाची ना कुणाची निघते, कुणी काही म्हणत नाही. दुपारी डॉक्टरने तिला चालवून पाहिलं, सरळ चालली, त्याने हो म्हटलं. मलाही बरं वाटलं. बघ, म्हटलं मनात, डॉक्टरलाही काही दिसलं नाही.

ती पुढे होती. शेवटच्या सरळ टप्प्यात ती चार घोड्यांच्या लांबीइतकी पुढे होती आणि लोक उभे राहून ओरडत होते. मी दुर्बिणीतून पाहत होतो. तिचं डोकं एकदम खाली गेलं. जॉकी पुढे फेकला गेला, त्याचं खांद्याचं हाड मोडलं; तो दोन-तीन महिन्यांत पुन्हा बसायला लागला, देवाची कृपा. ठकी तीन पायांवर उठली आणि पळायलाच बघत होती. तिला कळलंच नव्हतं की पाय राहिला नाही. मी पोचायच्या आत बाबू तिथे होता. तिचं डोकं त्याने छातीशी धरलं होतं. मग त्यांनी भोवती पडदा लावला. पडदा लावल्यावर काय करतात ते तुम्हाला सांगत नाही.

डावा पाय होता.

तीन दिवसांनी चौकशी लागली. लांब टेबल, पलीकडे रेसकोर्सचे तिघं अधिकारी. सगळं इंग्रजीत. मला विचारलं, मी म्हणालो, आदल्या संध्याकाळी मी स्वतः पाय पाहिला, ठीक होता. हे खोटं नव्हतं. मग बाबूला आत बोलावलं. तो धुतलेला शर्ट घालून आला होता, टोपी हातात धरलेली. कुठल्या भाषेत बोलशील, म्हणून विचारलं. तो म्हणाला, मराठी. त्या तिघांतल्या कुणालाच मराठी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तुम्हीच सांगा याचं भाषांतर करून. ज्याची चौकशी तोच दुभाष्या! आज असं कोणी चालवून घेणार नाही. त्या दिवशी कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

प्रश्न मी त्याला मराठीत सांगितला — घोडीच्या पायात तुला काही जाणवलं होतं का?

तो त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोलला. "आदल्या सांजंलाच पाय तापला हुता. सकाळी म्या सायबास्नी तोंडानं सांगितलं, पळवू नगासा म्हणून."

त्या खोलीत हे समजलेला माणूस एकच होता. मी त्या तिघांकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, तो म्हणतो, त्याच्या हाताला काही लागलं नाही. नथिंग.

हे ते. हेच सांगायचं होतं.

मी ठरवून गेलो नव्हतो — पण हे सांगून काय उपयोग? तोंडातून निघालं ते माझ्याच तोंडातून निघालं, आणि अगदी सहज निघालं, अडखळलोसुद्धा नाही. खरं सांगितलं असतं तर माझं लायसन गेलं असतं. पण मला त्याची भीती वाटली नव्हती हो. मला भीती वाटत होती ती वेगळीच — की लोकांना कळेल, हात त्याचा होता.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. 'नथिंग' हा शब्द रेसकोर्सवरच्या झाडूवाल्यालाही कळतो. बाबूला तो कळला, मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. हिंदी त्याला येत होती. डॉक्टरांशी तो रोज हिंदीतच बोलायचा. तिथल्या तिथे हिंदीत दोन वाक्यं बोलला असता तर मी संपलो असतो. मग त्याने मराठीच का मागून घेतली? याचं उत्तर मला माहीत आहे. त्याने ते माझ्यावर सोपवलं होतं. खरं सांगायची संधी त्याने मला दिली होती, मला स्वतःच्या तोंडाने सांगता यावं म्हणून.

तो म्हणाला, "झालं का, सायेब?"

मी म्हणालो, "झालं."

पाय तापलेला ओळखला नाही, हलगर्जीपणा केला, म्हणून त्याचा पास काढून घेतला, कायमचा. पास नसला की गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही, या नाही आणि दुसऱ्या कुठल्याच शहरातल्या रेसकोर्सवर नाही. मला ताकीद मिळाली. जायच्या आधी तो तबेल्यात आला होता, कुठला घोडा काय खातो, कुणाला डास चावलेले सोसत नाहीत, ते बाकीच्या सईसांना सांगत बसला होता. आणि मी कुठे होतो? मी ऑफिसच्या बाथरूममध्ये आतून कडी लावून उभा होतो. नळ सोडून ठेवला होता, म्हणजे कुणाला वाटेल काम चाललंय. तो गेल्याचं कळलं तेव्हा बाहेर आलो. भेकड, दुसरा शब्द नाही.

मग मी मशीन घेतलं. दर आठवड्याला सगळ्या घोड्यांच्या पायांचं स्कॅन करून घ्यायला लागलो. बेंगळूरमध्ये तेव्हा कुणी तेवढं करत नव्हतं. पेपरवाले म्हणाले, अनुभवाला विज्ञानाची जोड! आणखी सतरा वर्षं जिंकत राहिलो. निवृत्त झालो तेव्हा सत्कारात माझ्या हाताबद्दल पुन्हा भाषणं झाली. मी हात जोडून बसलो होतो. आणि तबेल्यात मी परत मराठी बोललो नाही. घोड्यांशीसुद्धा नाही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. तुम्हीही म्हणाला असता, जुनी गोष्ट, चुकलं माणूस. पण ही जुनी गोष्ट नाही. गेल्या महिन्यातली आहे.

सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात पन्नाशीतली बाई, हातात कापडी पिशवी. म्हणाली, मी शोभा, बाबू मगदूमची थोरली. तिच्या लग्नाला मी कागलला गेलो होतो, पण चेहरा ओळखीचा वाटला नाही. तिचा मुलगा आता इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे, त्याच्याकडे राहायला आली होती. रेसकोर्सवर जाऊन गेटवर विचारून विचारून तिने माझा पत्ता काढला होता. दोन बस बदलून आली होती. मी कॉफी केली. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या घरात कागलचं मराठी बोलत होतं — मला सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता.

बाबू दिवाळीच्या आधी गेला, तिने सांगितलं. घरी परतल्यापासून एकाही जनावराच्या पायाला त्याने हात लावला नाही. लोक म्हैस घेऊन यायचे, बैल घेऊन यायचे, तर म्हणायचा, माझा हात गेला. एवढंच. बेंगळूरला काय झालं ते घरात कधी बोलला नाही. गावात कुठून तरी कळलं की याच्या चुकीने घोडी मेली. एकदा भांडणात तिचा भाऊ तोंडावर म्हणाला, तुमच्यामुळं मुकं जनावर मेलं आणि आम्हाला शिकवता? बाबू ताटावरून उठून गेला. भाऊ अजून तेच धरून बसलाय, बापाच्या दिवसकार्यालासुद्धा नीट उभा राहिला नाही, म्हणाली.

मग कप खाली ठेवून तिने विचारलं, "काका, तुम्ही हुतासा तिथं. आबास्नी खरंच कळलं नव्हतं का ओ?"

टेबल नव्हतं, पलीकडे तिघं नव्हते. लायसन नव्हतं. भाषांतरही करायचं नव्हतं, तिने मराठीत विचारलं होतं. मी अडुसष्ट वर्षांचा, एकटा माणूस. माझं कोण काय वाकडं करणार होतं?

मी म्हणालो, "वय झालं होतं त्याचं, शोभा. हात चुकतो माणसाचा कधीतरी."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग म्हणाली, कळलं ते बरं झालं, भावाला तसंच सांगते. आबा तुमच्याबद्दल कधी वावगं बोलले नाहीत, म्हणाली. मी नको नको म्हणत असताना तिने दोन्ही कप विसळून ठेवले, माझ्या पाया पडली आणि बसचा नंबर विचारून गेली.

जाताना तिने माझ्या फोनमध्ये तिचा नंबर घालून दिला. शोभा कागल, असं नाव लिहिलंय. मी अजून तिला फोन केलेला नाही.